भिंगरी खोटं बोलली!

गल्लीत त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. खरं म्हणजे जहाजावर त्याच्या हुकमात होती ती फक्त पातेली आणि कढया. तो मालवाहू जहाजावरचा आचारी. पण पिळदार मिशी, पांढराशुभ्र सदरा आणि महिनोन् महिने गायब राहून एखाद्या सकाळी एकदम उगवायची सवय, एवढ्या भांडवलावर गल्लीनं त्याला परस्पर बढती देऊन टाकली होती. त्यानंही ती कधी नाकारली नाही.

घरी तीन बायका. बायको नाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. कामाला चोख आणि बोलायला मोजकी. सासूबाई गुडघ्यांनी दगा दिल्यामुळं खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या असत, पण तिथूनच आवाजानं सगळं घर फिरून येत. आणि मुलगी भिंगरी. दाखल्यावरचं नाव वेगळं होतं, पण एका जागी दोन पाय टेकून उभं राहणं तिला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून भिंगरी.

कॅप्टनला ही मुलगी हप्त्याहप्त्यानं मिळाली होती. पहिल्यांदा निघाला तेव्हा पंख्याकडे टक लावून बघणारं एक गाठोडं होतं. परत आला तर गाठोडं रांगत होतं आणि त्याच्या बुटाची नाडी चघळत होतं. पुढच्या खेपेला ती धावत होती. त्याच्या पुढच्या खेपेला त्यानं दार उघडलं, दोन्ही हात पसरले, आणि समोरून स्वच्छ आवाजात प्रश्न आला, "आई, हा कोण?"

बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅप्टन मात्र बॅग दारातच टाकून ओरडला, "अगं, ही बोलते! अख्खं वाक्य बोलते! गेल्या वेळी नुसतं बा-बा करत होती!"

तेव्हापासून त्याचं एक ठाम मत झालं होतं. माणूस बंदराबंदरानं वाढतो. एका बंदरातून सुटला की थेट दुसऱ्या बंदराला लागतो, मधे नुसतं पाणी. जहाजावर बटाटे सोलता सोलता तो हे इंजिनवाल्यांना पटवून द्यायचा, घरी आला की बायकोला.

"मधे पाणी तुम्हाला दिसतं," बायको म्हणायची, "कारण मधे तुम्ही पाण्यातच असता. मी इथं रोज असते. दुधावर साय धरते ना, तशी वाढते ही. कधी धरली ते बसून बघितलं तरी कळत नाही."

"पण धरते तेव्हा धरतेच की नाही? आधी नसते, मग असते!"

"चहा घ्या," बायको म्हणायची, आणि वाद तिथंच राहायचा.

मग एका सफरीत जहाजाच्या इंजिनानं मान टाकली. जहाज ओढत गोदीत नेलं आणि कंपनीनं सगळ्यांना सांगितलं, घरी जा, बोलावू तेव्हा या. कॅप्टन नेहमीसारखा उगवला, नेहमीसारखा लाडाकोडात राहिला, आणि नेहमीप्रमाणं जायची वेळ आली तेव्हा गेलाच नाही. जहाज दुरुस्त होईना. दोन आठवड्यांचा पाहुणा म्हणून सगळ्यांनी सांभाळून घेतलेला माणूस आता रोज सकाळी न्हाणीघर अडवायला लागला.

भिंगरीचं तेव्हा चौथं वर्ष सरत आलं होतं. एक दिवस कॅप्टन स्वयंपाकघरात कणीक मळत असताना त्याला बाहेरचं बोलणं ऐकू आलं.

"आजी, तो कधी जाणार?"

"तो काय गं? बाबा म्हणावं."

"बाबा कधी जाणार?"

कॅप्टनचे हात कणकेतच थांबले. वादळात उकळत्या पातेल्याला मिठी मारून उभा राहिलेला माणूस तो, पण ह्या एवढ्याशा प्रश्नानं तो हादरला. ती काही वाईट भावनेनं विचारत नव्हती. पाहुणे जातात, हे तिला ठाऊक होतं, इतकंच.

त्या दिवसापासून त्यानं मनावर घेतलं. बायको दुकानात जाई. भिंगरी बालवाडीतून दुपारी परत येई. मग बापलेकींचं राज्य सुरू. आधी लपाछपी. भिंगरी खोलीच्या मधोमध उभी राहून डोळे गच्च मिटायची आणि ओरडायची, "शोध मला!" आपल्याला दिसत नाही म्हणजे कुणालाच दिसत नाही, असा सरळ हिशोब. कॅप्टन पलंगाखाली, पंख्यावर, सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीत तिला शोधायचा आणि ती हसून हसून लोळायची.

मग चेंडू लपवायचा खेळ आला. चेंडू लपवून ती धावत यायची. "बाबा, मी चेंडू लपवला! उशीखाली आहे! आता शोध!"

"अगं, सांगितलंस तर शोधू काय?"

"उशीखाली," ती समजुतीच्या सुरात पुन्हा सांगायची. बापाला कमी ऐकू येतं असं तिचं मत झालं असावं.

कॅप्टनला ह्या सगळ्याचा नादच लागला. एवढी वर्षं बंदरं तेवढी बघितली होती, आता पहिल्यांदाच मधलं पाणी दिसत होतं आणि त्या पाण्यात काय काय चाललं होतं! एक दिवस त्यानं पसरट वाडग्यातलं दूध तिच्यासमोर उंच पेल्यात ओतलं. तर भिंगरी टाळ्या पिटत म्हणाली, "वाढलं! दूध वाढलं!" त्यानं परत वाडग्यात ओतलं. "कमी झालं!" ती हिरमुसली. कॅप्टन चाट पडला. जन्मभर तो ह्या भांड्यातलं त्या भांड्यात करत आला होता, पण ह्यात कुणाला दूध वाढताना दिसेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"ठरलं," तो बायकोला म्हणाला. "एक दिवस हिला कळेल की दूध तेवढंच आहे. त्या दिवशी मी इथं उभा असणार. तो क्षण मी डोळ्यांनी बघणार, आणि मग तुला मानावंच लागेल."

"आणि तसा क्षण आलाच नाही तर?"

"येणार म्हणजे येणारच!"

बायकोनं हातातली काच उजेडात धरून तपासली.

आणि काय सांगावं, थोड्या महिन्यांनी तो क्षण आला! वाडग्यातलं दूध पेल्यात पडलं आणि भिंगरी म्हणाली, "तेवढंच आहे. तू ओतलंस फक्त." कॅप्टननं अशी आरोळी ठोकली की सासूबाईंच्या हातातली वाटी पडली. तो तसाच चपला न घालता नाक्यावर पळाला, चष्म्याच्या दुकानात शिरला, आणि एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असलेल्या बायकोला म्हणाला, "धरली साय! माझ्या डोळ्यांदेखत धरली!"

गिऱ्हाईक म्हणालं, "मला काहीच दिसत नाहीये."

"फ्रेममध्ये अजून काच नाही बसवलेली," बायको म्हणाली. मग कॅप्टनकडे वळून, "घरी जा. संध्याकाळी मला दाखवा."

संध्याकाळी सगळे जमले. कॅप्टननं जादूगाराच्या थाटात दूध ओतलं. भिंगरीनं पेल्याकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं.

"वाढलं!"

बायको पदराआड हसली. दुसऱ्या दिवशी 'तेवढंच' आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा 'वाढलं'. दुधाऐवजी पाणी घेतलं तर बरोबर, सरबत घेतलं तर चूक. कॅप्टन अक्षरशः हैराण झाला. ही पोरगी बंदराला लागत होती आणि परत सुटत होती!

शेवटी न राहवून त्यानं बालवाडीच्या बाईंना गाठलं. बाई खडूनं माखलेले हात झटकत लहानशा खुर्चीवर बसल्या आणि त्यालाही तसल्याच खुर्चीवर बसवलं. गुडघे हनुवटीला लावून त्यानं सगळी हकीकत सांगितली. बाई मनापासून हसल्या.

"अहो, तुम्हां नवराबायकोचं भांडण लहान नाही. मोठमोठे अभ्यासक ह्याच्यावर आयुष्यभर भांडलेत. काही म्हणतात, मुलाचं मन पायऱ्यापायऱ्यांनी चढतं. एका पायरीवर असताना एका तऱ्हेनं विचार करतं, वरच्या पायरीवर गेलं की विचार करायची रीतच बदलते. काही म्हणतात, पायऱ्याबियऱ्या काही नाहीत, चढण आहे, हळूहळू चढतं."

"आणि तुम्ही काय म्हणता?" कॅप्टन इतका पुढं झुकला की खुर्ची करकरली.

"मी? माझ्या वर्गात मुलं रोज पायऱ्या चढतात आणि रोज घसरतात. सुट्टीनंतर बघितलं तर पायरी दिसते. रोज बघितलं तर काय दिसतं, ते तुम्हीच आत्ता सांगितलंत. पण एक सांगू? बाप इतका जवळून बघतोय, हे मला फार आवडलं."

कॅप्टन घरी परतला तो जवळजवळ उडतच. आपल्या स्वयंपाकघरातलं भांडण अभ्यासकांच्या पंगतीतलं निघालं, ह्याचाच त्याला केवढा आनंद! सासूबाईंना त्यानं तेच तेच तीन वेळा ऐकवलं.

"बरं बाई," सासूबाई म्हणाल्या. "पण जावईबापू, ह्या गडबडीत केक करायचा राहिला ना?"

सासूबाईंच्या ह्या चौकशीमागं कारण होतं. डॉक्टरांनी त्यांना गोड बंद केलं होतं आणि मुलीचा त्यावर कडक पहारा होता. त्यांचा जीव मात्र सगळा साखरेत. कॅप्टनच्या हातचा केक भट्टीतून निघाला की त्या खुर्चीतल्या खुर्चीत वास घेत डोळे मिटायच्या. तो त्यांच्यासाठी बिनसाखरेचा वेगळा करायचा. तो खाऊन त्या म्हणायच्या, "छान आहे. स्पंजासारखा आहे. भांडी चांगली निघतील."

त्या रविवारी केक झाला. चौकोनी कापून, झाकण घालून ओट्यावर ठेवला. दुपारी बायको कपडे वाळत घालून आत आली आणि तिनं झाकण उचललं, तर कोपऱ्यातला चांगला मोठा तुकडा गायब!

"केक कुणी खाल्ला?" तिनं विचारलं. आवाज वर चढवला नव्हता, पण तिच्या आईच्या खुर्चीकडे असा रोखला होता की बस.

सासूबाई खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखं बघत होत्या. त्यांच्या शालीवर, छातीपासून मांडीपर्यंत, केकचे कण सांडले होते.

तेवढ्यात भिंगरी मधे आली. पाठीमागं हात बांधून, चक्क दोन्ही पाय जमिनीवर टेकवून स्थिर उभी राहिली आणि आईच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "मी खाल्ला."

"तू?"

"हो. मला भूक लागली होती. आणि आजीच्या मांडीवर बसून खाल्ला. म्हणून तिथं सांडलाय."

बायकोनं कपाळाला आठ्या घातल्या. सासूबाईंनी खिडकीकडची मान हळूच वळवून नातीकडे बघितलं. आणि कॅप्टन! त्याच्या हातातला पेला ओट्यावर आदळला आणि तो लहान मुलासारखा नाचायलाच लागला.

"खोटं बोलली! भिंगरी खोटं बोलली! ऐकलंस? अगं, ऐकलंस का तू?"

"ऐकलं. ह्यात नाचण्यासारखं काय आहे?"

"काय आहे? अगं, आजीच्या मनात काय आहे ते हिला कळलं! तुझ्या मनात काय येईल ते कळलं! शालीवरचे कण तुला दिसणार, हे तुझ्या आधी हिच्या लक्षात आलं! परवापर्यंत चेंडू लपवून कुठं लपवला ते सांगणारी पोर ही! आणि स्वतःसाठी नाही बोलली, म्हातारीला वाचवायला बोलली!" त्यानं भिंगरीला उचलून आढ्याला लावली. "आता सांग, आलं की नाही बंदर? काल नव्हतं, आज आहे!"

भिंगरी वरून घाबरून विचारत होती, "मी चुकले का?"

"चुकलीस," आई म्हणाली.

"हो, चुकलीस!" बाप म्हणाला आणि तिचे मुके घेत सुटला. त्या बिचारीला काय समजायचं ते समजेना.

तेव्हा सासूबाईंनी घसा खाकरला. शालीवरचा एक कण उचलून शांतपणे तोंडात टाकला, आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"जावईबापू, तुमचं बंदर जरा थांबवा. हे एका दिवसाचं काम नाही. माझी मेहनत आहे ह्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे मी हिला कधीपासून तयार करतेय! पहिल्यांदा मी साखर खाल्ली आणि हिला म्हटलं, आईला सांगू नकोस. आई दारातून आत आली तर ही पळत गेली आणि म्हणाली, आजीनं सांगितलंय की आजीनं साखर खाल्ली ते सांगायचं नाही."

बायकोचं तोंड उघडंच राहिलं.

"मग पुढच्या वेळी म्हटलं, काहीच बोलू नकोस. तर कुणी विचारलं नसताना जेवताना म्हणाली, आजीनं आज साखर खाल्ली नाही. घास अडकला माझा! मग गप्प राहायला शिकली, पण हसू दाबता यायचं नाही. मग हसू दाबायला शिकली, पण डोळे साखरेच्या डब्याकडे जायचे. आज कुठं सगळं एकत्र जमलं. आणि ते मांडीवर बसल्याचं मात्र तिचं तिनं जोडलं हो! मी नव्हतं शिकवलं. माझाच ऊर भरून आला ऐकून."

बायकोला हसावं की रागवावं कळेना. शेवटी ती हसलीच, पोट धरून, भिंतीला टेकून. "बघा," ती डोळे पुसत म्हणाली, "म्हटलं नव्हतं मी? साय!"

"पण ते मांडीचं?" कॅप्टन बोट नाचवत म्हणाला. "ते तर कुणीच शिकवलं नव्हतं ना? ते कुठून आलं?"

ते मलाही सांगता येणार नाही, असं बायकोनं कबूल केलं. सासूबाईंचा साखरेचा डबा मात्र त्या दिवसापासून चष्म्याच्या दुकानात ठेवला गेला, आणि भिंगरीला आईनं जवळ घेऊन समजावलं की आजीवर माया करायची तर आजीला बरं ठेवायचं. भिंगरीनं हे नीट ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "पण मी छान बोलले ना?"

पुढं थोड्याच दिवसांनी कंपनीचा फोन आला. जहाज तयार होतं. आठवड्याभरात हजर व्हायचं. फोन घेताना कॅप्टन ओट्याशी उभा होता. भिंगरी खाली फरशीवर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती, एक वाटाणा भांड्यात, एक तोंडात.

"हो साहेब," तो म्हणाला. "हो साहेब, ऐकतोय." आणि मग त्याच्याच कानांना ऐकू आलं, "नाही साहेब. मी येत नाही. नाही, ह्या खेपेला नाही असं नाही, येतच नाही."

त्यानं फोन ठेवला. बायको दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"अगं, मी नाही म्हटलं! मला स्वतःलाच माहीत नव्हतं! फोन उचलला तेव्हा मी जाणार होतो. देवाशपथ, जाणार होतो! आणि एकदम, एका क्षणात..."

"एका क्षणात?" बायको त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, दोन महिन्यांपूर्वी तुम्ही सदरे इस्त्री करायचं सोडलंत. बॅग माळ्यावर टाकलीत, पार मागं. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात माणूस हवाय म्हणून मी सांगितलं, तेव्हा नको म्हणालात, पण त्यांच्याकडे केवढी मोठी भांडी आहेत ते मात्र जाऊन बघून आलात. मला कधीच कळलं होतं तुम्ही जाणार नाही ते. तुम्हालाच तेवढं कळायचं होतं."

कॅप्टन खालीच बसला, शेंगांच्या टोपलीशेजारी. वाद तर तो हरला होता. पण गंमत म्हणजे हरल्यासारखं वाटेना. आत नुसतं उधाण आलं होतं.

"बाबा जाणार नाही?" भिंगरीनं विचारलं.

"नाही."

"बरं. मग तू शेंगा सोल," ती म्हणाली आणि टोपली त्याच्याकडे सरकवली.

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात त्याला काम मिळालं. पहिले काही दिवस त्याची पंचाईत झाली. जमीन हलत नसल्यामुळं त्याला सूप ढवळता येईना. कढई कलंडेल म्हणून तो गुडघे वाकवून उभा राहायचा आणि भाज्या चिरणाऱ्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. पण गडी रुळला. पेशंटांना बिनमिठाच्या सुपाला चव आणून देणारा म्हणून त्याचं नावही झालं. काम आटोपलं की तो शाळेच्या फाटकाशी जायचा. भिंगरी आता मोठ्या शाळेत जात होती आणि तिथून घरापर्यंत बडबडीचा पट्टा अखंड चालू असायचा.

एका संध्याकाळी मात्र ती बोलता बोलता थांबली. भर रस्त्यात, माणसांच्या गर्दीत, मान वर करून उभी राहिली. समोर औषधाच्या दुकानाची पाटी होती.

"औ... ष... धे," ती म्हणाली. मग एकदम, "औषधे! बाबा, तिथं औषधे लिहिलंय!"

एवढे दिवस घरात अक्षरं गिरवणं चाललं होतं, क ओळखायची, म ओळखायची, पण अक्षरं अशी हात धरून एकत्र आलेली कॅप्टननं पहिल्यांदाच ऐकली.

"येथे... वाहने... लावू... नयेत! बाबा! आज रोख... उद्या... उधार! म्हणजे काय? बाबा, हे सगळं बोलतंय! सगळ्या भिंती बोलतायत!"

ती पळत सुटली. ह्या पाटीवरून त्या पाटीवर, रस्त्याच्या ह्या कडेनं, मोठमोठ्यानं वाचत. मागून दप्तर सांभाळत कॅप्टन. लोक वळून बघत होते. सायकलवाला थबकला. कॅप्टनला वाटलं, आत्ताच्या आत्ता चष्म्याच्या दुकानात जाऊन ओरडावं, पण पोर दृष्टीआड होईल म्हणून तो तिच्या मागंच धावला. पायरी की चढण, ह्याचा विचार करायला दम कुणाला होता!

वळणावर एक लहानसं कुलुपं दुरुस्त करायचं दुकान होतं. काचेच्या दारावर एकच शब्द चिकटवलेला.

"ढ... क... ला," भिंगरीनं वाचलं. आणि दोन्ही हातांनी दार ढकलून ती थेट आत गेली.

कॅप्टन धापा टाकत दारात पोचला. आत म्हातारा कुलूपवाला किल्ली घासता घासता थांबून ह्या अनोळखी मुलीकडे बघत होता आणि ती अभिमानानं त्याच्याकडे.

"माफ करा," कॅप्टनला श्वास पुरेना, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "वाचलं हो तिनं! तुमच्या दारावरचं वाचलं, आणि वाचून ढकललं!"

कुलूपवाल्यानं मान डोलावली.

"मग आता आत या आणि दार लावून घ्या," तो म्हणाला. "वारा येतोय."